तळाची नोंदवही

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचं बोट घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आमच्या वसईच्या वाड्यांतली जुनी माणसं अजून चर्चला देऊळच म्हणतात, त्यातला मी एक. तू मातीचा आहेस आणि एक दिवस मातीलाच मिळणार आहेस, याची आठवण फादरांनी नुकतीच करून दिली होती. त्यावर इतक्या तातडीने कुणाचा निरोप यावा, म्हणून मी जरा दचकलोच. चष्मा चढवून पाहिलं तर पॅरिशच्या युवा गटाचा निरोप होता. उपवासकाळ सुरू झाला आहे, तर पापकबुलीला जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, असं म्हणून खाली यादी दिली होती. दात घासताना नळ सोडून ठेवला का? ताटात वाढून घेतलेलं अन्न टाकलं का? पिशवी न घेता बाजारात गेलात का? शेजाऱ्याच्या झाडाचा पाला आपल्या अंगणात पडतो म्हणून त्याला झाड तोडायला लावलं का? आणि सर्वांत शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहिल्यासारखा एक प्रश्न होता. आपला कचरा कुठे जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त मास्तर, भूगोलाचा. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या, सोडवायची सवय राहिलेली नाही. पापकबुलीच्या बाबतीत तर माझी तयारी नेहमीच पक्की असते, कारण पापं तीच आहेत. राग आला, खोटं बोललो, प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. दर वर्षी हीच तीन-चार पापं मी जाळीपलीकडे सरकवतो. वापरून वापरून ती मोरीतल्या साबणाच्या शेवटच्या चकतीसारखी पातळ आणि गुळगुळीत झाली आहेत. हातातून निसटतात, पण कुणाला टोचत नाहीत. सध्याचे आमचे फादर माझेच विद्यार्थी. वर्गात मी त्यांना अरेतुरे करायचो, आता ‘फादर, तुम्ही’ म्हणतो, आणि ते मला अजून ‘सर’ म्हणतात. राख लावताना त्यांनी अंगठा माझ्या कपाळावर इतरांपेक्षा अंमळ जोरात दाबला, असा माझा समज आहे. सातवीत असताना शाळेच्या पर्जन्यमापकात त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं होतं. नोंद करायला जायचा कंटाळा, म्हणून आदल्या तीन दिवसांचा पाऊस एकदम. शिक्षा म्हणून मी त्यांना अख्खा पावसाळा रोज सकाळी पावसाची नोंद वहीत लिहायला लावली होती, रविवारसुद्धा न वगळता. असे हिशोब विद्यार्थी विसरत नाहीत, पुढे त्यांना दीक्षा मिळाली तरी.

त्या रात्री दात घासताना माझा हात आपोआप नळाकडे गेला. सत्तर वर्षं मी देवाला जितका घाबरलो नाही, तितका त्या नळाला घाबरलो.

यादी फोनवर पाठवण्यामागे पोरांचा हेतू मोठा उदात्त होता. कागद वाचावा. पण आमच्या पिढीची अडचण अशी की आम्हाला वाचायलाच कागद लागतो. दोन दिवस माझ्या बरोबरीच्या मंडळींनी फोन लांब धरून, जवळ धरून, उन्हात धरून पाहिला. मग कुणाचा तरी नातू कामाला लागला आणि रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात ती यादी ज्याच्या त्याच्या हातात होती, झेरॉक्स काढलेली, एकाच बाजूला छापलेली, मागची बाजू पांढरीशुभ्र, नुकत्याच बाप्तिस्मा झालेल्या बाळासारखी निष्पाप. युवा गटातली पोरं ते पाहून कासावीस झाली. मी मात्र घरी आल्यावर मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिली आणि माझ्यापुरतं त्या कागदाचं तारण केलं.

तसं पाहिलं तर देवळाला काटकसर नवी नाही. कपाळावरची ती राख येते कुठून? झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत उंच धरलेली झावळी घरी आणून आम्ही क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षभर ती तिथे पिवळी पडते, करपते, पालीच्या पाठीवर सावली धरते. मग पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर त्या वाळक्या झावळ्या देवळात गोळा होतात, जळतात, चाळल्या जातात आणि राखेच्या बुधवारी आमच्याच कपाळावर परत येतात. आनंदाने हलवलेली वस्तू वर्षभराने पश्चात्ताप होऊन भेटावी, इतकं नेटकं चक्र कुठल्या नगरपालिकेलाही जमलेलं नाही. उरलेली राख आजी जास्वंदीच्या बुंध्याशी टाकायची. आमच्या जास्वंदीला इतकी लाल फुलं का येतात, याचं लहानपणी मला भारी गूढ वाटे. पुढे कळलं की ती दर वर्षी सगळ्या वाडीचा पश्चात्ताप पचवत होती.

आमचा मुलूख नकाशावर मोठा गमतीदार आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. तीन बाजूंनी खारं पाणी दार ठोठावतंय आणि मध्ये केळीच्या बागा, पानवेली, मोगरा आणि सोनचाफा आपले निवांत उभे. हे जमतं कसं, ते मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. सायीचा हिशोबही शास्त्रज्ञांनी मांडून ठेवला आहे. समुद्राच्या पातळीहून गोडं पाणी १ फूट वर असेल, तर पातळीखाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं, पण हिशोब उलटाही चालतो. वरचं १ फूट उपसून संपवलं की खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकायला मोकळं. एवढं व्याज सावकारही लावत नाही. मुलं ही आकृती वहीत उतरवायची, निळ्या पेन्सिलीने गोडं पाणी आणि हिरव्या पेन्सिलीने खारं, आणि घरी जाऊन पंप सुरू करायची.

ही साय जपण्यासाठी आमच्या पूर्वजांनी बावखलं राखली. विहीर एका घराची असते, बावखल वाडीचं. आकाराने तळ्याहून धाकटं, खड्ड्याहून थोरलं, काठावर नारळ ओणवलेले. पावसाळ्यात रानोमाळ धावणारं पाणी तिथे येऊन टेकतं, दम खातं आणि सावकाश जमिनीत उतरतं. वर्षभर आजूबाजूच्या विहिरी त्याच्या जिवावर गोड राहतात. लहानपणी मला जाग यायची ती बावखलावरच्या रहाटाच्या कुरकुरीने. डोळ्यांना झापडं बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, आपण कुठेतरी लांब निघालोय अशा समजुतीत. मातीची रिकामी गाडगी माना खाली घालून एकामागून एक उतरायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची आणि पुन्हा मुकाट्याने खाली. पुढे पहिल्या कम्युनियनच्या वेळी वेदीसमोरची रांग पाहिली, रिकाम्याने जाणारी आणि भरून येणारी, तेव्हा मला रहाट आठवला आणि मी फिस्सकन हसलो. सिस्टरांनी त्याबद्दल माझा कान पिळला. आजही कम्युनियनच्या रांगेत उभा राहिलो की कानात कुरकुर ऐकू येते. कानाची की रहाटाची, ते सांगता येत नाही.

युवा गटातल्या एका मुलीने मला पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे २०१५ सालचं परिपत्रक वाचायला आणून दिलं. असिसीच्या संत फ्रान्सिसने सुमारे आठशे वर्षांपूर्वी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं एक स्तोत्र रचलं, त्यातल्याच शब्दांवरून त्याचं नाव ठेवलं आहे. आपल्या तुकोबांनी झाडांशी सोयरीक सांगितली, तसंच हेही नातं. २४६ परिच्छेदांच्या त्या पत्रात पृथ्वीचं आजारपण, श्रीमंत देशांचं देणं, गरिबांचं पाणी असं सगळं आहे, आणि २११व्या परिच्छेदात अचानक पोप आपल्या घरातले वडीलधारे होतात. खाल तेवढंच शिजवा, पाणी जपून वापरा, झाड लावा, नको तिथले दिवे मालवा. मी चष्मा काढून बसलो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण रोज रात्री ती हे परिच्छेद घरभर म्हणत हिंडायची. ‘कोनासाठी जळतोय तो दिवा?’ हा तिचा प्रश्न इतका मूलभूत होता की त्याचं उत्तर देण्यापेक्षा दिवा मालवणं सोपं पडे. त्याच परिच्छेदात असंही सुचवलं आहे की थंडीत घर तापवण्याऐवजी जाड कपडे घालावेत. पोपची ही एक आज्ञा अशी, की ती वसईच्या मे महिन्यात मोडण्याचा मोह कुणालाही होणार नाही.

५५व्या परिच्छेदात मात्र अडचण होती. तिथे त्यांनी नाव घेऊन वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या हौसेबद्दल लिहिलंय, आणि आमच्याकडे नेमका त्याच महिन्यात देवळाला एसी बसवावा का, यावर विचार चालू होता. सभा भरली. पोरांनी परिच्छेद वाचून दाखवला. एका काकांनी पोप रोमला राहतात याकडे लक्ष वेधलं. दुसऱ्या म्हणाल्या, खिडक्या उघडल्या तर पुरेल की. तेव्हा कुणाला तरी आठवलं की पूर्वेकडच्या खिडक्या कबुतरांमुळे वीसेक वर्षं बंदच आहेत आणि त्या उघडतात की नाही हेच आता कुणाला माहीत नाही. वाद चिघळायच्या बेतात होता, इतक्यात मागच्या बाकावरून एक म्हातारं, शांत वाक्य आलं, ‘उकाड्यात प्रवचन लवकर आटपतं.’ सगळी सभा एकदम विचारात पडली. फादरही हसले. एसीचा विषय तिथेच थिजला, आणि पुढच्या शनिवारी पोरांनी शिड्या लावून खिडक्या उघडल्या. आता पूर्वेकडून मोगऱ्याचा वास येतो आणि अधूनमधून एखादं कबुतर मिस्सेला बसतं. पवित्र आत्म्याचं चित्र कबुतराच्याच रूपात काढतात, त्यामुळे त्याला हाकलावं की नमस्कार करावा, असा पेच पडतो.

बर्फाची गोष्टही सांगायला हवी. माझ्या मधल्या वयात आमच्या नाताळच्या गोठ्यांवर बर्फ पडायचा. नारळीच्या वाडीत, डिसेंबरच्या उकाड्यात, थर्माकोलचा. आम्ही सगळे मिळून तो किसणीवर किसत असू आणि येशूबाळ, मेंढपाळ, उंट असे सगळे त्या पांढऱ्या चुऱ्यात गुडघ्यापर्यंत बुडालेले असत. नाताळ संपला की चुरा वाऱ्यावर जायचा. कुठे जायचा, हे कुणी विचारत नसे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमचं एकमेव हिमशिखर वितळलं. पोरांनी गेल्या नाताळात भाताचा पेंढा, झावळ्या आणि शेणमातीचा गोठा केला. काही जुन्या मंडळींना तो ओकाबोका वाटला. बर्फ नाही तर नाताळ कसला, म्हणाली. मी त्यांना सांगितलं की पहिला गोठा संत फ्रान्सिसनेच १२२३ साली ग्रेचो गावी उभा केला, आणि त्यात खराखुरा पेंढा, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव होतं. ‘मग आपल्याकडेही गाढव आणा,’ एक जण फुरंगटून म्हणाला. बर्फ किसण्यात त्या वर्षांत मीच सगळ्यांत पुढे असायचो, हे मी बोललो नाही.

कारण आम्ही काही साधे लोक नव्हतो. आम्ही हरित वसईवाले होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डर, टँकर आणि आराखडे आमच्या वाड्यांच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे सगळी वसई रस्त्यावर उतरली होती. विहिरी उपसून टँकरने पाणी विकलं जात होतं, आणि माझ्या फळ्यावरची ती निळी-हिरवी आकृती प्रत्यक्षात उलटी होऊ लागली होती. मोर्चात केळीवाले होते, फुलवाल्या होत्या, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांच्यामागून चाळिशीकडे झुकलेला, कडक इस्त्रीचा भूगोलाचा मास्तर होता. दिब्रिटो पुढे धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, २०२० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४च्या जुलैत, भर पावसाळ्यात गेले. लढा संपला नव्हता, पण आमची वयं झाली होती. मोर्चाला जाणारी माणसं हळूहळू व्याख्यानाला जाऊ लागतात, आणि व्याख्यानाला जाणारी पुढे व्याख्यान द्यायला लागतात. मीही लागलो. विषय ठरलेला: पाणी. शाल, श्रीफळ आणि मागे फ्लेक्स.

मे महिन्यात पोरांनी आमच्या वाडीचं बावखल उपसायला घेतलं. आधी परवानगीचा प्रश्न आला. सातबाऱ्यावर त्या बावखलाचे इतके हिस्सेदार निघाले की त्यातल्या बेडकांची संख्या मागे पडली. पाणी असताना ते प्रत्येकाचं होतं. कचरा झाल्यापासून कुणाचंच नव्हतं. पण पोरं दारोदार गेली, सह्या घेतल्या, आणि एका सकाळी फावडी, घमेली आणि बांबू घेऊन चिखलात उतरली. वर जलपर्णीची हिरवी गादी, इतकी दाट की पाखरं त्यावर चालत होती. ती ओढून काढली आणि खालची वही उघडली.

वहीच म्हणतो, कारण देवळात एक जुनी नोंदवही असते, बाप्तिस्मा, लग्नं आणि मरणांची. आमच्या बावखलाच्या तळाशी तिचीच दुसरी प्रत निघाली. वरच्या पानावर वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. त्याखाली बाप्तिस्म्याच्या सजावटीतले थर्माकोलचे देवदूत, एकाचा पंख तुटलेला. त्याखाली लग्नातल्या ताटल्या, चमचे आणि ग्लास, शेकड्याने, मेजवानीला कोण किती आलं होतं त्याची मोजदाद करता येईल इतके. मग दफनभूमीतल्या प्लास्टिकच्या पुष्पचक्रातली फुलं. ज्यांच्यासाठी ती आणली, ते कधीच मातीत मिसळून गेले; फुलं मात्र निळी ती निळीच. एकेका थरापाशी काठावरची म्हातारी माणसं ओळख पटवत होती. हे आमच्या धाकट्याच्या लग्नातलं. हे त्याच्या आईच्या वेळचं. कुणाच्या आवाजात लाज होती, कुणाच्या आवाजात, खोटं कशाला सांगू, जुना अल्बम चाळताना येते तशी ओल होती. मला राखेचा बुधवार आठवला. मातीचा आहेस, मातीला मिळशील, हे वचन फक्त माणसाला दिलेलं आहे. थर्माकोलला ते कुणी ऐकवलेलंच नाही.

आणि मग एका पोराच्या फावड्याला काहीतरी लांबरुंद लागलं. चौघांनी मिळून ओढलं, पाणी मारलं, आणि काठावर अंथरलं. ‘पाणी वाचवा, वसुंधरा वाचवा’. खाली ‘प्रमुख वक्ते’ आणि खाली मी. जाकीट घातलेला, बोट वर केलेला. हनुवटीवर शेवाळ धरलं होतं, त्यामुळे मला छान हिरवी दाढी फुटली होती. हरित वसईचं स्वप्न निदान माझ्या चेहऱ्यापुरतं साकार झालं होतं. कुणी हसलं नाही, हे सगळ्यांत वाईट. यादीतला शेवटचा प्रश्न माझ्या पुढ्यात ओला होऊन पडला होता, आणि उत्तर मला पाठ होतं. व्याख्यानानंतर एवढा जाड फ्लेक्स टाकवेना, म्हणून मी तो पंपाच्या खोपटावर अंथरला होता. एका वादळात तो उडाला. तो उडून बावखलात पडताना मी खिडकीतून पाहिला होता. चहा पीत होतो. निघेल कधीतरी, असं म्हणून मी दुसरा घोट घेतला होता.

ती परिपत्रकवाली मुलगी चिखलातून वर आली, फ्लेक्स चिमटीत धरून तिने त्याची जाडी पाहिली आणि म्हणाली, ‘सर, हा चांगला टिकाऊ आहे. गाळ ओढायला होईल.’ मग दिवसभर त्या फ्लेक्सवर गाळाचे ढीग पडत होते आणि चौघं जण त्याचे कोपरे धरून तो काठावर ओढून नेत होते. प्रमुख वक्ते पालथे पडून वसुंधरा वाचवत होते. माझ्या कुठल्याही भाषणाने इतकी माती हलवलेली नाही. संध्याकाळी तळाशी काळी, मऊ माती लागली, आणि तिच्यात खापरं. मुलीने एक माझ्या हातात ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. रहाटाच्या गाडग्याचं होतं. दोरी बांधायची खाच बोटाला लागली. किती वेळा ते रिकामं उतरलं असेल आणि भरून वर आलं असेल, आणि मग एका पहाटे फुटून खालीच राहिलं असेल. चिमटीत दाबलं तर कडेचा भुगा झाला. माझ्या आजोबांचा कचरा कुठला आणि माती कुठली, हे मला सांगता येईना.

ईस्टर कधीच उलटून गेला होता. अवेळी पापकबुलीला आलेला मी एकटाच. जाळीपलीकडे माझा विद्यार्थी. गुळगुळीत पापं मी त्या दिवशी घरीच ठेवली होती. फ्लेक्सची हकिकत सांगितली, खिडकीसकट, चहासकट. किसलेल्या बर्फाचीही सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. फादर हसू आवरत असावेत, किंवा त्यांना सातवीचा वर्ग आठवत असावा. नेहमी ते तीन नमो मरियांवर सोडतात. या वेळी म्हणाले, ‘सर, पावसाळाभर रोज संध्याकाळी बावखलावर जा. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, ते वहीत लिहा.’ जरा थांबले आणि अगदी हळू म्हणाले, ‘रविवारसुद्धा.’

वही केली आहे. झेरॉक्सवाल्या यादीच्या ज्या प्रती देवळात उरल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजू वर करून दोऱ्याने शिवल्या. पहिली नोंद जूनची: सगळ्या पायऱ्या कोरड्या. मग एक पायरी, दोन पायऱ्या, मग एका रात्रीत चार. परवा पाऊस इतका होता की बाहेर पडवेना. म्हटलं, कालच्यापेक्षा एक पायरी जास्त धरू, भूगोलाचा मास्तर आहे, अंदाज चुकायचा नाही. पेन उघडलं, आणि बाटलीतलं पाणी पर्जन्यमापकात ओतणारा एक सातवीतला मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला. पेन बंद केलं, दिवा मालवला, छत्री आणि विजेरी घेतली. बावखलावर बेडकांची प्रार्थनासभा ऐन रंगात होती, प्रत्येक जण वेगळ्या सुरात आणि सगळे एकाच वेळी, अगदी आमच्या रविवारच्या गायनवृंदासारखी. पायऱ्या मोजल्या. माझा अंदाज एका पायरीने चुकला होता. पाणी मला वाटलं होतं त्याहून वर आलं होतं.